पोटखराब्यातलं फूल

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित पाठ)



सात-बाराचा उतारा आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी हातात धरलेला असतो. कुणी वाटणीसाठी, कुणी कर्जासाठी, तर आमच्या पिंपरी-चिंचवड आणि चाकण भागात बहुतेकांनी जमीन विकण्यासाठी. या उताऱ्यावर एक शब्द असतो, 'पोटखराब'. शेताच्या पोटातला खराब भाग, म्हणजे जिथे नांगर चालत नाही तो उतार, तो खडक, तो ओघळ. मी कविता लिहिणारा माणूस आहे, त्यामुळे असा शब्द दिसला की थांबतो. जमिनीला पोट असतं हे महसूल खात्याने मान्य केलं, ही मोठीच गोष्ट. पण लगेच ते पोट खराब ठरवून टाकलं! आज मला तुमच्याशी या पोटखराब्यात उगवणाऱ्या एका फुलाविषयी बोलायचं आहे.

हे फूल ऑर्किडचं आहे. मराठीत ऑर्किडला आमरी म्हणतात. ऑर्किड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लग्नाच्या मांडवातली, नाही तर हॉटेलातल्या फुलदाणीतली जांभळी फुलं येतात. थोडं जंगल हिंडलेल्यांना झाडाच्या फांदीवर लोंबणारे फुलांचे घोस आठवतात. पण सगळ्या आमरी झाडावर राहत नाहीत. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २०१९ साली देशातल्या आमरींची यादी प्रसिद्ध केली. तिच्यात १,२५६ जाती आहेत. त्यांतल्या ७५७ झाडांवर वाढणाऱ्या आणि ४४७ सरळ जमिनीत उगवणाऱ्या. माझी आमरी या दुसऱ्या गटातली. तिला झाड लागत नाही, जंगल लागत नाही. पावसात ओलावणारं गवत असलं की झालं.

तिचं शास्त्रीय नाव हबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस. नाव तिच्यापेक्षा लांब आहे! ती जेमतेम वीतभर उंच. मृगाचे पाऊस पडून गेले, उतारावरच्या मुरमात ओल धरली, की जमिनीला अगदी चिकटून एक गोलसर, बदामी आकाराचं पान पसरतं. बहुधा एकच पान. वरून रुपया ठेवावा तसं ते जमिनीवर ठेवलेलं असतं. त्याच्या मधून एक नाजूक दांडी वर येते आणि तिच्यावर एक, दोन, फार तर चार-पाच पांढरी शुभ्र फुलं. जवळ जाऊन, खरं तर गुडघे टेकून पाहिलं तर कळतं की फुलाच्या पाकळ्या चिरलेल्या आहेत. ओठासारखी खालची पाकळी तीन भागांत विभागलेली आहे, आणि फुलामागे मधाची एक लांब नळी शेपटीसारखी लोंबते आहे. 'हबेना' म्हणजे लॅटिनमध्ये वादी, लगाम. या वंशातल्या फुलांच्या वादीसारख्या लांबट भागांवरून हे नाव पडलं. मुंबईच्या सेंट झेव्हियर्स कॉलेजातले स्विस जेझुइट वनस्पतिशास्त्रज्ञ एथेलबर्ट ब्लॅटर आणि त्यांचे सहकारी चार्ल्स मॅकॅन यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई इलाख्यातल्या आमरींची नव्याने तपासणी केली, तेव्हा या जातीला हे नाव दिलं. त्याचा अर्थ साधारण 'ग्रँडिफ्लोरासारखी दिसणारी'. म्हणजे बिचारीला नावसुद्धा दुसरीच्या ओळखीवर मिळालं.

जूनच्या अखेरीपासून जुलैपर्यंत ती फुलते. मग गवत वर येतं आणि ती दिसेनाशी होते. बोंडं धरतात, पिकतात, बी उडून जातं. पाऊस संपता संपता पान वाळतं. पुढचे सात-आठ महिने त्या जागी काहीही नसतं. निदान आपल्याला तसं वाटतं. खाली वाटाण्या-सुपारीएवढा एक कंद मात्र जागा धरून असतो. गंमत अशी की दर पावसाळ्यात हा कंद आपलं सगळं साठवण पान-फुलासाठी खर्च करून सुरकुततो आणि त्याच्या शेजारी नवा कंद तयार होतो. मायने लेकीच्या हाती घर सोपवावं तसं. उन्हाळ्यात वर वणवा गेला तरी खालची लेक बहुधा सुखरूप राहते.

देहू-चाकण रस्त्याच्या बाजूच्या एका टेकडीवर गुरं घेऊन येणारे एक आबा मला भेटतात. त्यांना मी हे सगळं सांगितलं. मी बी.ए. झालेला, तेही वनस्पतिशास्त्रात नव्हे. त्यामुळे पुस्तकात वाचलेलं कुणाला तरी सांगून पाहायची मला सवय आहे. आबा शांतपणे म्हणाले, "भाई, ह्यो डोंगर उन्हाळ्यात मेल्यावाणी दिसतो. पर त्यो मरत न्हाई, निजतो." मला वाटतं, माळरानाविषयी याहून नेमकं बोलणं अवघड आहे.

आता या फुलाच्या बीविषयी थोडं सांगतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे. आंब्याची कोय घ्या, हरभऱ्याचा दाणा घ्या. बीच्या आत रोपाची शिदोरी असते. बी रुजलं की पहिले काही दिवस रोप या शिदोरीवर जगतं. आमरीच्या बीमध्ये शिदोरीच नसते. एका बोंडात हजारो बिया, आणि प्रत्येक बी म्हणजे पिठाचा कण. वाऱ्याबरोबर जाण्यापुरती हलकी, पण स्वतःच्या बळावर रुजायला असमर्थ. मग ती रुजते कशी? या कोड्याचं उत्तर १८९९ साली फ्रान्समध्ये नोएल बर्नार या तरुण शास्त्रज्ञाला सापडलं. फाँतेनब्लोच्या जंगलात त्याला आमरीची नुकती रुजलेली रोपं मिळाली आणि त्या प्रत्येकात बुरशीचे धागे शिरलेले दिसले. मातीतली विशिष्ट बुरशी बीमध्ये शिरते, मातीतलं अन्न त्याला पुरवते, आणि तेव्हा कुठे बी वाढायला लागतं. ही बुरशी भेटली नाही तर हजारो बिया पडून वाया जातात.

'बुरशी' म्हटल्यावर पिंपरीच्या माणसाने नाक मुरडू नये. या गावाचं औद्योगिक नशीब बुरशीनेच उघडलं. १९५४ साली इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढच्या वर्षी पेनिसिलिन बनू लागलं. पेनिसिलिन बनतं बुरशीपासून. त्यानंतर १९६२ साली एमआयडीसी आली. एकामागून एक मोठे कारखाने आले. त्यांच्या मागून सोलापूर, बीड, लातूर, नगर, कोकण आणि पुढे बिहार-उत्तर प्रदेशापर्यंतची माणसं आली. माझे अब्बा त्यांतलेच एक, सोलापूरकडून आलेले. शिदोरी एका दिवसाची, तीही अम्मीने बांधून दिलेली. ते इथे रुजले ते कुणाच्या तरी आधाराने. गावच्या ओळखीच्या माणसाने खोलीत जागा दिली, खानावळीवाल्या मावशीने महिनाभर उधार जेवू घातलं, शेजारच्या वारकरी कुटुंबाने रेशनकार्डासाठी पत्ता दिला. नव्या जमिनीत नुसतं येऊन पडणं पुरत नाही, जमिनीने आपल्याला आत घ्यावं लागतं. या पट्ट्यात राहणाऱ्या लाखो लोकांना हे वेगळं सांगायला नको.

म्हणूनच लोक जेव्हा विचारतात की, "एवढं काय त्यात? ते कंद उपटून दुसरीकडे लावा," तेव्हा मला गप्प बसवत नाही. कंद हलवता येईल, पण त्याच्याबरोबर मातीतलं गणगोत कसं हलवणार? पावसाचं पाणी मुरून पुढे सरकणारा तो उतार, तो पातळ मातीचा थर, ती बुरशी, फुलावर येणारे पतंग? या वंशातल्या पुष्कळ जातींची पांढरी फुलं रात्री उडणाऱ्या पतंगांसाठी असतात. ती सगळी आळीच उठवून न्यावी लागेल.

आमच्या भागातली माळरानं कुठे गेली, हे सांगायला अभ्यासक नको. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही गावं १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली. १९९०च्या दशकानंतर कारखाने इंद्रायणी ओलांडून चाकणच्या माळावर गेले. बाजरी-कांद्याची गावं सुट्या भागांची आणि गाड्यांची गावं झाली. मी त्याविरुद्ध गळा काढणार नाही. माझं घर कारखान्याच्या पगारावर उभं राहिलं. मीही अनेक वर्षं एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजले आहेत आणि पहिल्या कविता मालाच्या चलनांच्या पाठीवर लिहिल्या आहेत. पण जे गेलं ते 'रिकामं' होतं, असं जेव्हा म्हटलं जातं, तेव्हा मला बोलावंसं वाटतं.

हे रिकामपण कागदावर जन्मतं. ब्रिटिशांनी जमिनीची मोजणी केली ती महसुलासाठी. जी जमीन सारा देत नाही ती 'वेस्ट', म्हणजे वाया. इंग्रज गेले, शब्द राहिला. केंद्र सरकारने २००० साली देशाच्या पडीक जमिनींचा पहिला नकाशासंग्रह काढला. या संग्रहात झुडपी माळ, गवताळ उतार अशा जमिनी पडीक म्हणूनच मोजल्या जातात. एकदा जमीन पडीक ठरली की तिचं 'काहीतरी' करायला हवं, असं सगळ्यांनाच वाटू लागतं. कुणाला तिथे प्लॉट पाडावेसे वाटतात, तर कुणाला झाडं लावावीशी वाटतात.

श्रोतेहो, दचकू नका. होय, झाडं! झाडं लावणं पुण्याचं काम आहे, हे मलाही शाळेत शिकवलं होतं. पण कुठे लावायची, हा प्रश्न आम्ही कधी विचारला नाही. पुण्याच्या टेकड्यांवर एके काळी गिरिपुष्प हे बाहेरून आलेलं झाड मोठ्या प्रमाणावर लावलं गेलं. झटपट वाढतं, गुरं फारसं खात नाहीत, टेकडी हिरवी दिसते. पण त्याच्या दाट सावलीत गवत टिकत नाही, आणि गवत गेलं की गवतातलं सगळं जातं. माळावर ऊन हवं. ते ऊनच तिथलं वैभव आहे.

काही वर्षांपूर्वी मी ज्या टेकडीविषयी बोलतो आहे, तिथे एका कारखान्याची वृक्षारोपण मोहीम आली. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचा काही भाग समाजकार्यावर खर्च करणं बंधनकारक केलं. ही चांगलीच गोष्ट झाली. आमच्या टेकडीवर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात यंत्राने खड्डे घेतले गेले, ओळीने, दोन-दोन हातांवर. आमरीची पानं नेमकी याच आठवड्यात वर येतात. मी, एक निवृत्त शिक्षक आणि दोन कॉलेजची मुलं असे चौघे तिथल्या तरुण अधिकाऱ्याला भेटलो. माणूस चांगला होता. त्याने बूट चिखलात घालून आमच्याबरोबर वाकून फुलं पाहिली, फोटो काढले. मग म्हणाला, "सर, मला पाच हजार रोपांचा आकडा दाखवायचा आहे. 'गवत राखलं' असं अहवालात कोणत्या रकान्यात लिहू?"

त्याचा प्रश्न खरा होता. आबा हे ऐकत बाजूला उभे होते. ते म्हणाले, "झाडं लावाया समदे येत्यात. गवत राखाया कोन येतंय?" शेवटी तोडगा निघाला. वरचे खड्डे झालेच होते, पण खालचा अर्धा उतार सोडायचा आणि उरलेली रोपं गावाकडे येणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लावायची. रस्त्यावरची कडुलिंबं आता डोक्याच्या वर गेली आहेत, त्यांच्याखाली एसटीची वाट पाहत माणसं उभी राहतात. खालच्या उतारावर दर पावसाळ्यात आमरी येते. वरच्या, खड्डे घेतलेल्या भागात गेले तीन पावसाळे मी पान शोधतो आहे. अजून एकही दिसलं नाही.

जिथे माळ टिकला, तिथे तो कसा टिकला हेही पाहण्यासारखं आहे. आमच्या पट्ट्यात भंडारा, भामचंद्र आणि घोरावडेश्वर असे तीन डोंगर आहेत. तिन्हींशी तुकोबांच्या एकांताची आठवण जोडलेली आहे. वारकऱ्यांच्या मनात या डोंगरांना जागा आहे, म्हणून कारखान्यांच्या गर्दीतही त्यांचे उतार लोकांच्या नजरेत राहिले. देहूरोडच्या बाजूला लष्कराच्या कुंपणाआड मोकळी जमीन राहिली. गावोगावच्या कुरणांना जुनी शिस्त होती. पावसाळाभर कुरण राखायचं, गवत पिकल्यावर दसरा-दिवाळीच्या सुमाराला कापायचं. तोवर आमरीचं बी उडून गेलेलं असतं. गावकऱ्यांनी हे फुलासाठी केलं नव्हतं, गुरांच्या वैरणीसाठी केलं होतं. पण फुलाचं वेळापत्रक त्यात आपोआप पाळलं गेलं.

असंच काहीसं तुर्कस्तानात घडलं आहे. तिथल्या जमिनीवरच्या आमरींचे कंद वाळवून 'सालेप' नावाचं पीठ करतात. ते दुधात घालून पितात, आइस्क्रीममध्ये घालतात. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात सालम मिश्री मिळते, तिचं नातंही या शब्दाशी आहे. किलोभर पिठाला हजारावर कंद लागतात. प्रत्येक कंद म्हणजे एक आख्खं झाड. या खोदाईमुळे तिथल्या आमरी मोठ्या संकटात आल्या. संशोधकांनी तुर्कस्तानातली शेकडो कबरस्तानं तपासली, तेव्हा त्यांना आढळलं की भोवतालची जमीन नांगरली, चारली, बांधली गेली तरी अनेक कबरस्तानांत आमरी शाबूत आहेत. माणसं मेलेल्यांची माती सहसा उकरत नाहीत. अर्थात काही ठिकाणी तिथेही कंद खोदल्याच्या खुणा होत्या. हे वाचल्यापासून मी आमच्या कबरस्तानात गेलो की अब्बांच्या कबरीभोवतीचं गवत वेगळ्या नजरेने पाहतो. तिथे आमरी नाही. पण पावसाळ्याच्या तोंडावर सगळं गवत खरवडून काढण्याऐवजी फक्त पायवाट साफ करावी, असं मी देखभाल करणाऱ्या चाचांना सांगितलं आणि त्यांनी ते मान्य केलं.

एक गोष्ट नावाची. सतराव्या शतकात इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर डच कंपनीच्या नोकरीत रुम्फियस नावाचा जर्मन माणूस होता. बेटावरच्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिणं हे त्याचं वेड. १६७० साली तो आंधळा झाला. १६७४ च्या फेब्रुवारीत भूकंप झाला, त्यात त्याची बायको सुझॅना आणि मुलगी गेली. पुढे आपल्या ग्रंथात त्याने एका मोठ्या पांढऱ्या, जमिनीवरच्या आमरीला सुझॅनाचं नाव दिलं. कारण वनस्पती शोधताना तीच त्याची सोबतीण होती आणि ते फूल त्याला पहिल्यांदा तिनेच दाखवलं होतं. लिनियसने ते नाव कायम केलं. आपल्या सह्याद्रीतल्या एका मोठ्या पांढऱ्या आमरीलाही अभ्यासक बराच काळ सुझॅनाच्याच नावाने ओळखत. ज्याला फूल दिसत नव्हतं त्याने त्याचं नाव जपलं. आपल्याला तर दिसतं.

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. येत्या पावसाळ्यात, जूनच्या शेवटच्या आठवड्यात, आपल्या गावामागच्या उतारावर एकदा जा. मोबाइलवर फोटो घ्या, फूल तोडू नका, कंद तर मुळीच उकरू नका. तुमच्या सोसायटीने, शाळेने, कंपनीने टेकडीवर खड्डे घ्यायचं ठरवलं असेल तर एक पावसाळा थांबा, तिथे काय उगवतं ते आधी पाहा, मग रोपं कुठे लावायची ते ठरवा. कारखान्यांच्या रस्त्यांना, ट्रकतळांना, बसथांब्यांना सावलीची फार गरज आहे, झाडं तिथे लावा. आणि पंचायतीत कुणी गायरानाला 'पडीक' म्हणालं, तर एवढंच विचारा, "पावसाळ्यात बघितलंय का?"

सात-बाऱ्यावरचा तो शब्द बदलायला वेळ लागेल. पण पोट खराब आहे असं म्हणणाऱ्याने निदान एकदा त्यावर हात ठेवून पाहावा. आत काहीतरी जिवंत आहे.